वर निखारा, खाली निखारा

प्रश्न : आमच्याकडे थंडीच्या दिवसांत वावरात रोडग्यांचा बेत असतो. गोवऱ्यांचा आर पाडायचा, रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. यंदा पुण्याहून आलेल्या भाच्याने मोबाईलवर दाखवलं, की अमेरिकेत लोक रानात तंबू ठोकून ‘डच ओव्हन’ नावाच्या बिडाच्या जड भांड्यात पाव, केक, फळांचे गोड पदार्थ भाजतात. झाकणावर चक्क निखारे रचतात. आमच्या आरावर हे जमेल का? ते भांडं विकत घ्यावंच लागेल का? आणि आमचा रोडगा नुसत्या राखेत भाजून निघतो, मग यांना एवढं जड भांडं कशाला लागतं?
(एक वाचक, हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न पहिला घेतो. त्याचं उत्तर हाती आलं, की बाकीच्या दोन्हींची उत्तरं तुम्हीच द्याल.

कणकेच्या गोळ्याचं पुढे काय होणार, हे त्याच्याभोवती काय आहे यावर ठरतं. पोळी तव्यावर पडते, तिला आच एकाच बाजूने मिळते. म्हणून ती पातळ लाटायची आणि उलटायची. तिच्याच कणकेचा मुठीएवढा गोळा तव्यावर ठेवला तर बूड करपेल आणि पोट कच्चं राहील. गोळा आतपर्यंत शिजवायचा तर त्याला चहूबाजूंनी आच हवी, म्हणजेच त्याला कशात तरी बुडवायला हवं. पुरी तेलात बुडते, रोडगा गरम राखेत बुडतो आणि पाव गरम हवेत बुडतो. यातली पहिली दोन बुडवणी तुमच्या गावाला कोणी शिकवायला नको. तिथल्या शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात विवेकानंदांच्या जन्मोत्सवाच्या महाप्रसादाला पुऱ्या आणि वांग्याची भाजी किती लागते आणि ती ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून पंगतीत कशी वाढतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. राहिलं ते तिसरं, हवेतलं. डच ओव्हन म्हणजे उघड्या रानात गरम हवा कोंडून धरण्याची सोय, बाकी काही नाही.

रोडग्याला ती सोय लागत नाही, कारण राखच त्याचं भांडं असते. लालभडक इंगळाचं तापमान सहाशे-सातशे अंश सेल्सिअसच्या घरात असतं. त्यावर थेट कणीक ठेवली तर ती भाजणार नाही, जळेल. पण राख उष्णतेची फार वाईट वाहक. तिच्या कणाकणांत हवा अडकलेली असते, त्यामुळे खालच्या इंगळाची धग तिच्यातून गाळून, सावकाश आणि सगळीकडून येते. म्हणून जाणती माणसं गोवऱ्यांची ज्वाळ पूर्ण बसू देतात, आर पांढुरका पडला की मगच रोडगे घालतात, वरून गरम राख ओढतात आणि मधूनमधून फिरवतात. माणसाने आगीतून फुफाट्यात पडणं वाईटच, रोडग्याचं भलं मात्र फुफाट्यातच आहे.

दुसरी हुशारी कणकेत आहे. रोडग्याचं पीठ रवाळ दळलेलं, तेलाचं मोहन घातलेलं आणि घट्ट भिजवलेलं. पोळीला तेल लावून घड्या घालायच्या किंवा एकावर एक पोळ्या गुंडाळून गोळा करायचा. विस्तवात गेल्यावर बाहेरचा थर आधी कडक होतो आणि आतल्या वाफेला कोंडतो. ती वाफ थरांच्या मधल्या तेलाच्या पदरांत शिरते आणि पापुद्रे सुटतात. पावात जे काम यीस्टच्या हवेचे फुगे करतात, तेच इथे तेल आणि वाफ मिळून करतात. म्हणून रोडगा आंबवावा लागत नाही आणि तरीही फोडल्यावर आत दगड निघत नाही. निघालाच, तर घड्या घालताना तेलात हात आखडला असं समजावं. तुपात बुडवायच्या वेळी तो आखडला तर त्याला क्षमा नाही.

ही विद्या जुनी आहे. एकनाथांच्या प्रसिद्ध भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते तो रोडग्याचाच. म्हणजे सोळाव्या शतकात गोदाकाठच्या श्रोत्यांना रोडगा काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं. पूर्व विदर्भातले पानांत भाजलेले पानगे, खानदेशातली बट्टी, राजस्थानची बाटी, आधी उकळून मग भाजला जाणारा माळव्यातला बाफला, बिहारची लिट्टी ही सगळी याच घराण्यातली. ऑस्ट्रेलियात गुरं हाकणारे गडीसुद्धा ‘डँपर’ नावाचा बिनयीस्टचा पाव असाच राखेत पुरून भाजत.

आता राखेची मर्यादा कुठे येते ते पाहा. गोळा घट्ट असेल तोवर राख चालते. सैल, चिकट कणीक राखेत ठेवली तर राख तिला चिकटते. केकचं पीठ तर ओतावंच लागतं, ते राखेत कसं राहील? बाहेरच्या थराला साखर किंवा गूळ लागला की तो इंगळाजवळ पाहता पाहता काळा पडतो. फळांचा रस पाझरतो. ओलं, गोड आणि पातळ असं काहीही करायचं म्हटलं की राख आणि पदार्थ यांच्यामध्ये भिंत लागते. ती भिंत म्हणजे तुमच्या भाच्याचं बिडाचं भांडं.

त्या भांड्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी नावाच्या कारागिराने वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याची रीत बसवली आणि १७०७ साली तिचं पेटंट घेतलं. वाळूत ओतकाम करण्याची कला हॉलंडमधल्या पितळेच्या कारखानदारांकडे होती. भांड्याच्या नावात डच आले ते बहुधा त्या वाटेने. पुढे अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी त्याला रानात उपयोगी पडेल असं रूप दिलं. खाली तीन ठेंगणे पाय, म्हणजे इंगळांवर भांडं टेकत नाही. वर सपाट झाकण आणि त्याला उभी कड, म्हणजे निखारे घसरून पडत नाहीत. एवढ्या दोन सुधारणांनी बैलगाडीतून पश्चिमेकडे निघालेल्या बिऱ्हाडांना चालती बेकरी मिळाली. युटा राज्याने तर १९९७ साली हे आपलं अधिकृत राज्यभांडं म्हणून जाहीर करून टाकलं. आपल्याकडे राज्यपक्षी, राज्यप्राणी, राज्यफूल झाले, भांड्यापर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.

झाकणावरचे निखारे बघून तुम्ही ‘चक्क’ म्हणालात. चक्क वाटावं असं त्यात काही नाही, महाराष्ट्र आणि गोव्याला वरचा निखारा चांगला ओळखीचा आहे. घरात ओव्हन नव्हते तेव्हा नानकटाई कशी व्हायची? पातेल्यात वाळू तापवायची, वाळूवर ताटली ठेवायची आणि वर झाकण म्हणून निखाऱ्यांची परात. सीकेपी घरांतलं निनाव आणि पाठारे प्रभूंचं भानोलं याच रीतीने वर-खाली विस्तव ठेवून व्हायचं. गोव्याची बिबिंका तर या विद्येतली पदवी परीक्षा आहे. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा, तूप यांचं पातळ मिश्रण पळीभर ओतायचं, वरच्या निखाऱ्यांच्या धगीने तेवढाच थर तांबूस होऊ द्यायचा, मग त्यावर दुसरी पळी. असे सात किंवा त्याहून जास्त थर, आणि सगळी मदार वरच्या आचेवर. खालून जास्त लागली तर पहिला थर सातव्याची वाट बघत कोळसा होतो. २०२३ साली या बिबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं.

या सगळ्यातलं मर्म एकच : भाजायचं असेल तर वर जास्त, खाली कमी. खालची धग भांड्याच्या बुडातून थेट पदार्थाला भिडते. वरच्या धगीला झाकण आणि पदार्थ यांच्यामधली हवेची पोकळी ओलांडायची असते, म्हणून तिथे विस्तव जास्त लागतो. रस्सा, वरण, उसळ शिजवायची असेल तर उलट, सगळा भर खाली. अमेरिकन लोकांनी याचा सोपा हिशोब बसवला आहे. भांडं जितके इंच रुंद, त्यात ३ मिळवा, तितके कोळसे वर ठेवा, आणि ३ वजा करा, तितके खाली ठेवा. १२ इंची भांड्याला वर १५ आणि खाली ९. एवढ्यात आत साधारण १६५ ते १७५ अंश सेल्सिअस मिळतात आणि ते केकला पुरतात. पावाला याहून जास्त, दोनशेच्या पुढे आच हवी, म्हणून सहा-आठ कोळसे वाढवायचे, तेही बहुतेक वर.

पण हा हिशोब तिकडच्या कारखान्यात दाबून केलेल्या, एकसारख्या आकाराच्या कोळशांचा आहे. तुमच्याकडे इंगळ असतो तो मिळेल त्या आकाराचा. तेव्हा तो मोजू नका, सरपण निवडा. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडभड पेटतात आणि तशाच विझतात, त्यांचा इंगळ टिकत नाही. आग धरवायला त्या उत्तम, भाजायला निरुपयोगी. मक्याच्या बुरकुंडांचंही तेच. बाभळीचा इंगळ जड आणि दीर्घकाळ टिकणारा, झाकणावर ठेवायला तो पहिल्या पसंतीचा. गोवरीची धग मंद आणि एकसारखी, ती भांड्याखाली पसरायला बरी. म्हणजे वर बाभूळ, खाली गोवरी. अमेरिकन पुस्तकांत ही जोडी तुम्हाला सापडायची नाही, पण माझ्या मते तुमच्या भागात हिच्याहून चांगली दुसरी नाही.

खालचा विस्तव कड्याने, गोल रिंगणात मांडा आणि मधोमध मोकळं ठेवा, नाहीतर पावाच्या बुडाला मध्येच काळा शिक्का बसतो. वरचा विस्तव कडेला दाट, मधे विरळ. दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव वळसा एकीकडे फिरवायचं आणि झाकण पाव वळसा उलटीकडे, म्हणजे कुठे इंगळ जास्त तापला असेल तर त्याचा भार एकाच जागी पडत नाही. माळावर वारा असतोच. वाऱ्याच्या अंगाचे निखारे फुलतात आणि ती बाजू आधी करपते, म्हणून दगडांचा किंवा पत्र्याचा आडोसा करा. आणि ज्वाळ पूर्ण बसू द्या. भाच्याच्या मोबाईलमध्ये भांड्याभोवती ज्वाळा नाचताना दिसल्या असतील, तर त्या कॅमेऱ्यासाठी होत्या.

आता भांड्याचं. ते घ्यावंच लागेल का? माझं उत्तर : पहिल्या हंगामात नको. १२ इंची खऱ्या डच ओव्हनचं वजन जवळपास ९ किलो असतं, आणि रोडग्याला तर त्याचा काही उपयोग नाही. रोडगे त्यात भाजले तर कडक होतील, पण गोवरीच्या धुराचा वास आणि राखेतला खरपूसपणा जाईल, आणि मग तो रोडगा कशाला म्हणायचा? पाव किंवा केक करून पाहायचा तर घरातली बिडाची खोल कढई तीन दगडांवर ठेवा आणि वर कड असलेली जाड लोखंडी परात. कढईत चिंचोक्याएवढे तीन खडे टाकून त्यांवर केकचा डबा ठेवलात, तर डब्याखालीही हवा खेळते आणि बूड जळत नाही. परात मात्र जर्मनची नको. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या खूप आधी मऊ पडतं, निखाऱ्यांच्या ढिगाखाली ते भरवशाचं नाही. नॉनस्टिकचं भांडं तर विस्तवाजवळसुद्धा नेऊ नका. आणि प्रेशर कुकरवर निखारे ठेवायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली, तर ती तिथेच विझवा.

बीडच का, असंही तुम्ही विचाराल. बीड ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णता सावकाश वाहून नेतं, पण ते जाड आणि जड असल्यामुळे एकदा तापलं की धरून ठेवतं. निखारे कमी-जास्त झाले तरी आतली आच लगेच डळमळत नाही. जड झाकणाचा दुसरा फायदा म्हणजे वाफ कोंडली जाते. पावाच्या कणकेतलं पाणी वाफ होऊन तिथेच फिरत राहतं, वरचा थर पहिली काही मिनिटं ओला आणि लवचीक राहतो, पाव मनासारखा फुगतो आणि मग कडा कुरकुरीत होतात. शहरातल्या बेकऱ्या त्यासाठी भट्टीत मुद्दाम वाफ सोडतात. २००६ साली न्यूयॉर्कमधल्या जिम लेही या बेकरीवाल्याची न मळता, रात्रभर आंबवून तापलेल्या बिडाच्या भांड्यात भाजायच्या पावाची कृती वर्तमानपत्रात छापून आली आणि जगभरच्या घरांत ही भांडी पुन्हा चुलीवर, म्हणजे ओव्हनमध्ये, चढली.

तीच रीत तुमच्या थंडीला चांगली मानवते. अर्धा किलो पीठ घ्या, निम्मं चक्कीचं, निम्मं मैद्याचं. नुसत्या चक्कीच्या पिठाचा पाव कमी फुगतो, कारण त्यातला कोंडा चिकाच्या जाळ्याला ठिकठिकाणी कापतो. ज्वारीच्या पिठात तर तो चिकच नाही, म्हणून तिची भाकरी थापायची, पाव करायच्या फंदात पडायचं नाही. पिठात १० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त सुकं यीस्ट आणि साधारण साडेतीनशे मिलिलिटर पाणी. मळू नका, नुसतं कालवा आणि झाकून रात्रभर ठेवा. पौषातल्या रात्री यीस्ट रेंगाळतं, पण तेच बरं, चव येते. सकाळी वावरात पोचल्यावर पिठी लावून गोळा वळा, तासभर ऊन-सावलीत फुगू द्या, केळीच्या पानावर ठेवून तापलेल्या भांड्यात सोडा. ३५ ते ४० मिनिटं लागतात. बाहेर काढून बुडावर बोटाने टकटक केलं आणि पोकळ आवाज आला, की झाला. आतून तो पंचाण्णव अंशांच्या आसपास तापलेला असतो, म्हणून लगेच कापू नका. गरम पावाचा लगदा होतो आणि दोष बिचाऱ्या विस्तवावर येतो.

गोडाचं म्हणाल तर पाकिटातला केक भाजण्यात बाभळीचा इंगळ खर्ची घालू नये, असं माझं मत. अमेरिकन लोक तळाला पीच किंवा सफरचंदाच्या फोडी आणि वर पिठाची ढेकळं घालून ‘कॉबलर’ करतात. थंडीच्या दिवसांत तुमच्याकडे पेरू असतो. पिकल्या पेरूच्या बिया काढलेल्या फोडी, चिरलेला गूळ, थोडी सुंठ हे तळाला. वर रवा आणि कणीक सम प्रमाणात, तूप चोळून, दुधाचा हबका मारून भुरभुरीत केलेली. वरचा विस्तव जास्त, खालचा अगदी नावाला. अर्ध्या तासात गूळ कडेने बुडबुडे काढू लागतो आणि वरचा रवा तांबूस होतो. बघायला म्हणून झाकण सारखं उघडू नका. दर खेपेला आतली गरम हवा निघून जाते, आणि झाकण जरा तिरकं झालं की राखेची फोडणी पडते. उचलायचं तर आकड्याने, सरळ वर.

प्रश्न : पुढेमागे ते भांडं घेतलंच, तर त्याची निगा कशी राखायची?

उत्तर : बिडाच्या तव्याची राखता तशीच. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नका, तडा जातो. साबणाचा राग धरू नका, पण भिजत ठेवू नका. धुऊन, विस्तवावर कोरडं करून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. त्यासाठी जवसाचं तेल सर्वांत लवकर वाळून घट्ट थर धरतं, करडईचंही चालतं. दोन्ही पिकं तुमच्या भागातल्या लोकांना नवी नाहीत. थर जाड लावलात तर चिकट होतो आणि पुढे पोपडे निघतात. आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ते मोकळं टाकू नका. बीड कठीण असतं तसं ठिसूळही, आपटलं की फुटतं. ऑस्ट्रेलियात घोड्यांच्या पाठीवरून पडून बिडाची भांडी फुटायची, म्हणून तिथल्या लोकांनी ‘बेडुरी’ नावाचं पोलादी पत्र्याचं भांडं काढलं. आपटण्याची धास्ती असेल तर जाड पत्र्याचंच भांडं बरं.

प्रश्न : लोणारच्या काठी किंवा ज्ञानगंगेच्या जंगलात जाऊन हा बेत करावा, असं भाचा म्हणतो. चालेल?

उत्तर : नाही. लोणार सरोवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागाही. ज्ञानगंगाही अभयारण्यच, आणि ते नुसतं नावापुरतं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून २०१९ च्या अखेरीस तिथे येऊन राहिला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात आग लावायला मनाई आहे, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या हंगामात तर अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीवरही वनखातं विस्तवाच्या बाबतीत कडक असतं. आपलं वावर किंवा ओळखीच्याचं वावर, एवढंच ठीक.

तिथेही जागा निवडताना वाळलेला कडबा, सोयाबीनचं कुटार, गंजी यांच्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला आर पाडा. निघताना राखेवर पाणी ओतून काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. गोवरीचा इंगळ राखेखाली दुसऱ्या सकाळपर्यंत जिवंत राहू शकतो, म्हणून राखेवर तळहात धरून पाहा. ऊब लागली तर आणखी एक कळशी आणा.